मधल्या दरातलं चेन हॉटेल आणि सदस्यत्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामानिमित्त वर्षातल्या साठ-सत्तर रात्री माझ्या हॉटेलात जातात. त्यामुळे नातेवाईक, ऑफिसातले लोक आणि त्यांच्या ओळखीचे, सगळे मलाच प्रश्न पाठवतात, तेही बहुतेक वेळा रिसेप्शनसमोर उभे राहून. तेच तेच टाइप करून कंटाळले, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मधल्या दरातलं चेन हॉटेल म्हणजे नेमकं कोणतं?

ढोबळमानाने रात्रीला साडेतीन ते साडेसात हजार घेणारं, एकाच नावाने अनेक शहरांत असलेलं. आपल्याकडची नावं म्हणजे ताज चालवणाऱ्या इंडियन हॉटेल्स कंपनीचं जिंजर, लेमन ट्री, आयटीसीचं फॉर्च्यून, सरोवर, रॉयल ऑर्किडचं रिजेंटा. बाहेरच्यांपैकी मॅरियटचं फेअरफील्ड, आयएचजीचं हॉलिडे इन एक्स्प्रेस, ॲकॉरचं आयबिस, विंडमचं रमाडा. खोली लहान पण स्वच्छ, गादी चांगली, गरम पाणी हमखास. बॅग मात्र बहुतेक ठिकाणी आपणच ओढत न्यायची.

२. सदस्य व्हायला पैसे लागतात का? मला फोनवर कुणीतरी काही हजारांची मेंबरशिप विकत होतं.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गोंधळ बहुतेक वेळा मुद्दाम केलेला असतो. मॅरियट बॉनव्हॉय, आयएचजी वन रिवॉर्ड्स, हिल्टन ऑनर्स, ॲकॉरचं ऑल, टाटांचा न्यूपास या सगळ्यांत नाव नोंदवणं फुकट आहे. ॲपवर दोन मिनिटांत होतं.

फोनवर विकतात ती वार्षिक फी असलेली, मुख्यतः जेवणावर सवलत देणारी योजना. ‘क्लब मॅरियट’ हे त्यातलं ओळखीचं नाव. त्याच शहरातल्या मोठ्या हॉटेलात महिन्यातून दोनदा जेवायला जाणार असाल तर ती परवडते. पुण्यात राहून नागपूरला वर्षातून चार रात्री मुक्काम करणाऱ्याने ती का घ्यावी, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. घ्यायचीच असेल तर फोनवर कार्डाचा नंबर सांगू नका, हॉटेलात जाऊन घ्या.

३. नुसतं नाव नोंदवून पहिल्याच मुक्कामाला काय पदरात पडतं?

सदस्यांचा दर, जो सगळ्यांना दिसणाऱ्या दरापेक्षा थोडा कमी असतो. वायफाय. पॉइंट्स. पण माझ्या मते खरा फायदा असा की बुकिंग थेट हॉटेलच्या यंत्रणेत असतं. तारीख बदलायची, खोली बदलून हवी, बिलात चूक निघाली, तर समोरचा माणूस स्वतः काहीतरी करू शकतो. ‘तुम्ही जिथून बुक केलंत त्यांनाच विचारा’ हे वाक्य रात्री अकरा वाजता ऐकावं लागत नाही.

४. मेकमायट्रिप, बुकिंग डॉट कॉमवर तीच खोली सातशे रुपयांनी स्वस्त दिसते. तिथून घेतली तर पॉइंट्स मिळतील का?

नाही. बहुतेक सगळ्या साखळ्यांत बाहेरच्या पोर्टलवरून केलेल्या बुकिंगला खोलीच्या भाड्यावर पॉइंट्स नाहीत आणि त्या रात्री टियरसाठीही (सदस्यत्वाची पायरी, प्र. ७) धरल्या जात नाहीत. चेक-इनला सदस्य क्रमांक सांगितला तर ते हसून लिहून घेतात, पुढे खात्यात काही येत नाही.

मग काय करायचं? हिशोब करायचा. पाच हजारांच्या खोलीवर मिळणारे पॉइंट्स साधारण साडेतीनशे रुपयांचे (प्र. ५). पोर्टलवर बँकेच्या कार्डाची सूट धरून सातशे वाचत असतील आणि तारीख पक्की असेल, तर खुशाल पोर्टल घ्या. मात्र आधी दोन्हीकडचा दर करासकट आणि नाश्त्यासकट तोलून बघा. पोर्टलवरचा आकडा पुष्कळदा करापूर्वीचा असतो आणि ‘रद्द केल्यास परतावा नाही’ ही ओळ बारीक अक्षरात असते. तारीख हलण्याची जरा जरी शक्यता असेल तर थेट बुकिंग.

५. एका पॉइंटची किंमत रुपयांत किती?

प्रत्येकाचं चलन वेगळं. न्यूपासमधलं न्यूकॉइन सगळ्यात सरळ: एक कॉइन, एक रुपया. ॲकॉरमध्ये २,००० पॉइंट्स म्हणजे बिलात ४० युरोंची सूट. मॅरियटमध्ये किंमत तरंगती आहे, खोलीचा पॉइंट्समधला दर रोज बदलतो.

मॅरियट फेअरफील्डला करापूर्वीच्या दर अमेरिकन डॉलरमागे १० पॉइंट्स देतं. पाच हजारांच्या खोलीवर साधारण साडेपाचशे-सहाशे. वापरताना मी एकच गुणोत्तर बघते: त्या रात्रीचा करासकट रोख दर भागिले मागितलेले पॉइंट्स. साठ पैशांच्या खाली आलं तर पैसे भरते आणि पॉइंट्स ठेवून देते. हा माझा आकडा आहे, तुमचा वेगळा असू शकतो, पण काहीतरी आकडा मनात असावा. नाहीतर ‘फुकट रात्र’ म्हणून अडीच हजारांच्या खोलीवर चार हजारांचे पॉइंट्स उडवले जातात.

पॉइंट्सच्या बदल्यात मिक्सर, हेडफोन वगैरे वस्तू घेऊ नका. तिथे भाव सगळ्यात वाईट मिळतो.

६. पॉइंट्स संपतात का?

हो, खातं निपचित पडलं की संपतात. मॅरियट, हिल्टन आणि हयात यांच्याकडे २४ महिने काहीच हालचाल नसेल तर शिल्लक शून्य होते. आयएचजीमध्ये टियर नसलेल्या साध्या सदस्याला १२ महिनेच मिळतात. थोडेसे पॉइंट्स कमावले किंवा खर्चले तरी घड्याळ पुन्हा सुरू होतं. माझ्या धाकट्या दिराचे अठरा हजार असेच गेले, कारण खातं जुन्या कंपनीच्या ईमेलवर होतं आणि नोकरी सोडल्यावर इशाऱ्याचे मेल कुणालाच दिसले नाहीत. खातं नेहमी स्वतःच्या ईमेलवर उघडा.

७. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम किती रात्रींनी मिळतं? आणि मधल्या हॉटेलात त्याचा उपयोग काय?

एका वर्षातल्या रात्री मोजल्या जातात. मॅरियटमध्ये सिल्व्हर १०, गोल्ड २५, प्लॅटिनम ५०. आयएचजीमध्ये सिल्व्हर १०, गोल्ड २०, प्लॅटिनम ४०, डायमंड ७०. ॲकॉरमध्ये सिल्व्हर १०, गोल्ड ३०, प्लॅटिनम ६०.

आता उपयोग. खरं सांगायचं तर मधल्या हॉटेलात फारसा नाही. फेअरफील्डमध्ये लाउंजच (वरच्या टियरवाल्यांची खाण्यापिण्याची वेगळी खोली) नाही, तर लाउंजचा हक्क घेऊन काय करणार? हॉलिडे इन एक्स्प्रेसमध्ये नाश्ता सगळ्यांनाच दरात धरलेला असतो, तिथे डायमंडवाला आणि पहिल्यांदा आलेला एकाच इडलीच्या रांगेत उभे असतात. पाण्याच्या दोन जास्त बाटल्या, वरचा मजला, कधी खाऊचा डबा, एवढंच.

पण रात्र ही रात्र असते. फेअरफील्डमधली साडेचार हजारांची एक रात्र आणि जेडब्ल्यू मॅरियटमधली अठरा हजारांची एक रात्र टियरच्या मोजणीत सारखीच. म्हणून रात्री स्वस्तात गोळा करायच्या आणि मान मोठ्या हॉटेलात घ्यायचा. कंपनीच्या खर्चाने हिंजवडीत नाहीतर खराडीत पन्नास रात्री काढलेला माणूस सुट्टीत बायकोमुलांना घेऊन जेडब्ल्यूला गेला, तर लाउंज आणि नाश्ता त्याला मिळतो. या सगळ्या खटाटोपाचं सार्थक मला तिथेच दिसतं.

आणखी एक वाट: २०२३ मध्ये आलेलं एचडीएफसीचं मॅरियट बॉनव्हॉय क्रेडिट कार्ड. वार्षिक फी ३,००० रुपये अधिक कर, आणि त्यावर सिल्व्हर, टियरच्या मोजणीत १० रात्री आणि १५,००० पॉइंट्सपर्यंतची एक मोफत रात्र. ती एक रात्र वर्षात नक्की वापरणार असाल तरच घ्या.

८. ओळखपत्र कोणतं चालतं? पॅन कार्ड का घेत नाहीत?

पॅनवर पत्ता नसतो, म्हणून. आधार, वाहन परवाना, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र यांपैकी काहीही चालतं, आणि खोलीत राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाचं लागतं, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाही. आधारच द्या असं बंधन नाही. मी परवाना देते. आधार द्यायचंच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार डाउनलोड करून ठेवा. रिसेप्शनवरच्या कुणी स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढायला घेतला तर ‘स्कॅनरवर घ्या’ असं स्पष्ट सांगा. यात उद्धटपणा काही नाही.

९. अमेरिकेतला चुलतभाऊ सोबत आहे. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) आहे, तेवढं पुरेल ना?

नाही. परदेशी पासपोर्ट असलेल्या प्रत्येक पाहुण्याची माहिती हॉटेलला २४ तासांत सरकारला कळवावी लागते, ओसीआयवाल्यांचीही. पासपोर्ट आणि ओसीआय दोन्ही सोबत हवेत. ‘पासपोर्ट आजीकडे सांगलीला ठेवलाय’ हे उत्तर चालत नाही.

१०. खातं माहेरच्या नावाने आहे, आधार सासरच्या. अडचण येईल?

चेक-इनला सहसा नाही, पॉइंट्सला येते. बिलावर ओळखपत्रातलं नाव पडतं, खात्यात दुसरं, आणि यंत्रणा दोघींना वेगळ्या बायका समजते. पहिलं नाव जुळलं म्हणून कधी कधी पॉइंट्स जमाही होतात, पण त्या भरवशावर राहू नका. लग्नाचा दाखला किंवा राजपत्राची प्रत पाठवून ग्राहक सेवेकडून नाव बदलून घेता येतं. नवं खातं उघडू नका. दोन खाती झाली की रात्री वाटल्या जातात आणि मग ती एकत्र करायचं वेगळं काम मागे लागतं.

आपल्याकडचा आणखी एक घोळ म्हणजे मधलं नाव. कुणी वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात टाकतं, कुणी सगळंच एका रकान्यात. नाव आणि आडनाव पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा.

११. लग्न न झालेल्या जोडप्याला खोली नाकारता येते का? आणि त्याच शहराचा पत्ता असेल तर?

दोन सज्ञान व्यक्तींनी एका खोलीत राहू नये असा कायदा आपल्याकडे नाही. मोठ्या साखळ्यांत सहसा कुणी विचारतही नाही. पण ‘स्थानिक पत्त्याच्या पाहुण्याला खोली नाही’ असा त्या त्या हॉटेलचा नियम असू शकतो, आणि साखळीचं नाव पाटीवर असलं तरी हॉटेलचा मालक स्थानिक असतो. हा नियम एकट्यादुकट्यालाही लागतो. घरात रंगकाम काढलं म्हणून आपल्याच शहरात दोन रात्री हॉटेलात राहायला गेलेल्या माझ्या मैत्रिणीला याच कारणाने परत पाठवलं होतं. आधी फोन करा, होकार ईमेलवर घ्या. रद्द न होणारं बुकिंग त्याआधी करू नका.

१२. जीएसटी किती लागतो? एकाच हॉटेलात दोन दिवसांचा कर वेगळा कसा?

हे नीट समजून घ्या, कारण पॉइंट्सपेक्षा जास्त पैसे इथे वाचतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, त्याच्या वर १८ टक्के. त्याआधी खालचा दर १२ टक्के होता. दर रोज बदलतो, त्यामुळे गुरुवारी ५ आणि शनिवारी १८ असं एकाच बिलात होऊ शकतं.

७,५०० ची खोली करासकट ७,८७५ ला पडते. ७,६०० ची पडते ८,९६८ ला. म्हणजे दरात शंभराचा फरक आणि खिशातून जवळपास अकराशे जास्त.

यात नाश्त्याची मेख आहे. नाश्त्यासकट ७,७०० चा दर घेतला तर सबंध रकमेवर १८ टक्के, एकूण ९,०८६. तेच नुसती खोली ७,२०० ला घेतली तर ७,५६०, आणि पाचशेचा नाश्ता खाली जाऊन वेगळा खाल्ला तर त्यावर ५ टक्के धरून ५२५. एकूण ८,०८५. हजार रुपये वाचले. मागच्या आर्थिक वर्षात त्या हॉटेलने कुठलीही खोली ७,५०० च्या वर विकली असेल तर रेस्टॉरंटवर १८ टक्के लागतो, तरी नाश्ता ५९० च्या पुढे जात नाही. दर सीमेच्या आसपास असला की ‘नुसती खोली’ हा पर्याय उघडून बघायची सवय लावून घ्या.

१३. कंपनीच्या नावाने जीएसटी बिल घेतलं तरी आमचा अकाउंटंट म्हणतो क्रेडिट मिळणार नाही. असं का?

बहुतेक वेळा अकाउंटंट बरोबर असतो. खोलीच्या बाबतीत कराचं ठिकाण म्हणजे हॉटेल जिथे आहे ते राज्य. बेळगावातलं हॉटेल सीजीएसटी आणि कर्नाटकचा एसजीएसटी लावतं. तुमच्या कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर तो कर तिला वळता करून घेता येत नाही. नाशिकच्या बिलावर येतो. तरीही जीएसटी क्रमांक चेक-इनलाच द्या. बिल निघाल्यावर तो घालून मागणं म्हणजे चेक-आउटच्या रांगेतल्या सगळ्यांचे शिव्याशाप घेणं.

कंपनीने पैसे भरले तरी पॉइंट्स राहणाऱ्याचेच. कंपनीने ठरवून घेतलेल्या दरावरही सहसा मिळतात. टूर किंवा ग्रुपचा दर असेल तर मिळत नाहीत (प्र. १७).

१४. चेक-इनला कार्डावर जास्तीचे पैसे का अडकवतात?

मिनीबार, लाँड्री, जेवण यांसाठी. क्रेडिट कार्डावर ती रक्कम नुसती राखून ठेवतात आणि चेक-आउटनंतर सोडतात. डेबिट कार्ड दिलं तर पैसे खात्यातून खरोखरच जातात आणि परत यायला आठवडा लागू शकतो. एकदा महिन्याच्या अखेरीला माझे चार हजार असे नऊ दिवस अडकले आणि त्यात एसआयपीचा हप्ता परत गेला. तेव्हापासून क्रेडिट कार्ड देते, नाहीतर ‘खोलीवर काहीच लावू नका, जेवणाचे तिथेच भरते’ असं सांगते. बहुतेक वेळा ऐकतात.

१५. जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज लावला होता. आणि पाण्याची वीस रुपयांची बाटली साठला. दोन्ही बेकायदा ना?

पहिलं हो, दुसरं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. काढायला सांगा. नाही काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक आहे, नुसता त्याचा उल्लेख पुरतो असा माझा अनुभव.

पाण्याचं मात्र १२ डिसेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंटात बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येते, कारण तिथे नुसती बाटली विकली जात नाही, बसण्याची-वाढण्याची सेवाही असते. खोलीतल्या दोन बाटल्या फुकट असतात, आणखी लागल्या तर आधी हाउसकीपिंगला मागा. ते निमूट आणून देतात.

१६. आईबाबांसाठी माझ्या खात्यावरून खोली घेतली, मी गेलो नाही. पॉइंट्स मला मिळतील?

नाही. सदस्य स्वतः राहिला पाहिजे आणि बिल त्याने किंवा त्याच्या कंपनीने (प्र. १३) भरलं पाहिजे. सगळे मिळून गेलात, दोन-तीन खोल्या घेतल्यात, एकीत तुम्ही राहिलात आणि तिन्हींचे पैसे तुम्ही भरलेत, तर मॅरियट तीन खोल्यांपर्यंतचे पॉइंट्स तुम्हाला देतं. मात्र टियरचे फायदे तुमच्या खोलीपुरतेच.

आईबाबा वर्षातून दोनदा फिरत असतील तर त्यांचं स्वतःचं खातं उघडून द्या. पॉइंट्सनी बुक केलेली रात्र मात्र दुसऱ्याच्या नावाने देता येते. बुकिंग करतानाच पाहुण्याचं नाव टाका, नाहीतर बाबा रिसेप्शनवरून फोन करतात.

१७. मामेबहिणीच्या लग्नात हॉटेलच्या चाळीस खोल्या घेतल्या होत्या. आम्ही तीन रात्री राहिलो, एकही पॉइंट नाही. तक्रार करू?

करून उपयोग नाही. खोलीचे पैसे मामांनी एकत्र भरले, दर ग्रुपचा होता. अशा मुक्कामाचा लाभ कार्यक्रम घेणाऱ्याला मिळतो, तोही करारात त्याचा सदस्य क्रमांक आधी लिहिलेला असेल तर. म्हणजे मामांनी विचारायला हवं होतं. पुढचं लग्न ठरलं असेल तर हॉलचा ॲडव्हान्स देतानाच त्यांना आठवण करा.

१८. रात्रीच्या बसने सकाळी सहाला पोचते. चेक-इन दोनला. आत घेतील?

खोली रिकामी असेल तर घेतात. आदल्या दिवशी संध्याकाळी ॲपवर नव्हे, हॉटेललाच फोन करून सांगा. रविवारी सकाळी व्यापारी शहरांत खोल्या रिकाम्या असतात, पर्यटनाच्या गावी त्याच वेळी खचाखच. अर्धं भाडं मागितलं तर घासाघीस होते. नाशिकला एकदा पहाटे पावणेसहाला मी ओल्या छत्रीसकट उभी होते. ड्युटीवरच्या मुलाने खोली नाही म्हणून सांगितलं, पण जिमच्या बाथरूमची किल्ली आणि टॉवेल दिला, नाश्ता आधी करून घ्या म्हणाला. साडेआठला खोली मिळाली. तेव्हा माझ्या खात्यात साधं सिल्व्हरही नव्हतं.

उशिरा निघण्याचं उलट आहे, तिथे टियर चालतो. मॅरियट गोल्डला दोनपर्यंत, प्लॅटिनमला चारपर्यंत, पण मागावं लागतं.

१९. मुक्काम होऊन पंधरा दिवस झाले, पॉइंट्स जमा नाहीत.

आधी प्र. ४, १० आणि १७ पाहा, नव्वद टक्के वेळा कारण तिथेच सापडतं. ते नसेल तर ॲपवर ‘राहिलेला मुक्काम’ नोंदवायची सोय असते. त्याला पुष्कळदा बिलाचा क्रमांक लागतो. म्हणून निघताना अंतिम बिल ईमेलवर मागून घ्या. कार्ड मशिनची पावती म्हणजे बिल नव्हे.

२०. पॉइंट्सनी खोली घेतली आणि मधल्या काळात हॉटेलची पाटीच बदलली. आता?

हे वाटतं त्यापेक्षा जास्त घडतं. इमारत एकाची, नाव साखळीचं, करार संपला की नाव उतरतं. तुमचं बुकिंग साखळीकडे आहे, इमारतीकडे नाही, त्यामुळे हॉटेलला नव्हे तर साखळीच्या ग्राहक सेवेला फोन करा आणि जवळच्या दुसऱ्या हॉटेलात तितक्याच पॉइंट्सवर खोली मागा. नाही म्हणाले तर पॉइंट्स परत घ्या, पण आधी खोली मागा, कारण प्रवासाच्या तारखेला तेवढ्या पॉइंट्सवर दुसरं काही मिळेलच असं नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकला आत्ताच बुकिंग करून ठेवणाऱ्यांनी दर दोन महिन्यांनी ॲप उघडून बुकिंग जागेवर आहे ना एवढं बघावं, आणि दिसलं की स्क्रीनशॉट घ्यावा.